तारामासे, तापी आणि पदोन्नतीची फाईल

रॉबर्ट पेन हे नाव खानदेशातल्या कॉलेजांत भेटलंच तर पर्यावरणशास्त्राच्या पेपरात, एका मार्कापुरतं. ‘कीस्टोन प्रजाती ही संकल्पना कोणी मांडली?’ चार पर्याय, एक गोल काळा करायचा, पुढचा प्रश्न. हा माणूस समुद्रकाठी नेमकं काय करत होता, किती वर्षं करत होता आणि त्याच्या हाताखालून कोण कोण बाहेर पडलं, हे कोणी विचारत नाही. समुद्र आपल्याला परका, म्हणून असेल. पण पेन यांच्या कारकिर्दीत जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मास्तरांनी पाहावं असं जे आहे, ते खाऱ्या पाण्यापुरतं नाही. एका जागी चाळीस वर्षं टिकून राहणाऱ्या संशोधकाचं मोल कसं करायचं, हा तो प्रश्न आहे. आपली उच्च शिक्षणाची व्यवस्था त्याचं उत्तर चुकीचं देते आहे, आणि त्याची किंमत तापीच्या खोऱ्याला मोजावी लागते आहे, असं माझं म्हणणं आहे.

पेन यांचा जन्म १९३३चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. हार्वर्डची पदवी, मिशिगनची १९६१ची डॉक्टरेट. मिशिगनचे त्यांचे मार्गदर्शक फ्रेडरिक स्मिथ यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९६०मध्ये एक बाळबोध वाटणारा प्रश्न विचारला होता: पाला खाणारे एवढे किडे आणि जनावरं असताना जग हिरवं राहतंच कसं? त्यांचं उत्तर असं, की पाला खाणाऱ्यांना खाणारे वर बसलेले असतात. हे झालं तर्काचं उत्तर. ते तपासायचं तर शिकारी काढून पाहायला हवा, आणि जंगलातून वाघ काढून बघणं कोणाच्या हातात नसतं. पेन १९६२मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले आणि दुसऱ्याच वर्षी पॅसिफिकच्या काठी, मकाह उपसागरात, त्यांना हवी तशी जागा मिळाली. ओहोटी लागली की तिथले खडक उघडे पडतात. त्यांवर काळे शिंपले, खडकाला चिकटून राहणारे बार्नेकल, गोगलगायी, शेवाळं अशी दाटीवाटी, आणि त्यांतल्या अनेकांना खाणारा एक तारामासा. पेन यांनी सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंचीचा पट्टा निवडला, त्यावरचे तारामासे पहारीनं उचकटून समुद्रात भिरकावले, शेजारचा पट्टा तसाच ठेवला. पुन्हा पुन्हा जाऊन हेच केलं.

तारामासे गेले तसे शिंपले फोफावले आणि इतरांची जागा खात सुटले. पंधरा प्रजाती नांदत होत्या तिथं आठ उरल्या. शिकारी नाहीसा झाला की शिकार वाढते, हे सातपुड्यातल्या गुराख्यालाही ठाऊक असतं. शिकारी नाहीसा झाल्यावर ज्यांना तो क्वचितच खात होता किंवा खातच नव्हता तेही नाहीसे होतात, हे कोणी असं हातानं करून दाखवलं नव्हतं. १९६६मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये हा निबंध आला, १९६९मध्ये पेन यांनी, जिच्या असण्यावर बाकीच्यांचं नांदणं टिकून असतं अशा प्रजातीसाठी, ‘कीस्टोन’ हा शब्द वापरला. साधनसामग्री म्हणाल तर एक पहार, दोन पट्टे आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. हा प्रयोग महागडा होता तो वेळेच्या हिशेबात.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. पुढची तितकी सापडत नाही, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. साठच्या दशकाच्या अखेरीस पेन वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाजवळच्या टाटूश नावाच्या छोट्या बेटावर गेले. बेट मकाह आदिवासींच्या मालकीचं. त्यांच्या परवानगीनंच तिथं काम करता येत होतं. (तोरणमाळ-अक्राणीच्या डोंगरात गाडी घालून, पावरांच्या गावात कोणाला काही न विचारता वनस्पती उपटून नेणारे ‘क्षेत्रभेटी’वाले आठवतात ते इथं.) १९९८मध्ये सेवानिवृत्त झाल्यावरही पेन टाटूशला जात राहिले, २०१६मध्ये ते वारले. वादळी लाटांनी आणि लाटांबरोबर आदळणाऱ्या ओंडक्यांनी शिंपल्यांच्या थरात खिंडारं पडतात. ती कशी आणि किती काळात बुजतात हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं, आणि गणिती सायमन लेविन यांच्याबरोबर १९८१मध्ये त्याचा हिशेब मांडला. तीन वर्षांच्या अनुदानाची मुदत संपताच आवरतं घेणाऱ्याला अशी खिंडारं बुजलेली दिसतच नाहीत. केळीची बाग वर्षभरात घड देते, आंब्याला थांबावं लागतं. संशोधनाच्या पैशांचं वाटप मात्र सगळ्यांना केळीच्याच हिशेबानं होतं.

थांबण्याचं फळ कधीकधी भलत्याच फांदीला लागतं. पेन यांचे शिष्य टिम वूटन आणि कॅथी फिस्टर टाटूशवर काम करत राहिले. पाण्याच्या इतर मोजमापांबरोबर आम्लतेचीही नोंद होत होती. २००८मध्ये आठ वर्षांच्या त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसलं, की तिथलं समुद्राचं पाणी प्रचलित अंदाजांपेक्षा बरंच वेगानं आम्ल होत आहे. पहार घेऊन खडकावर उतरलेल्या माणसानं १९६८च्या सुमाराला हा प्रश्न स्वप्नातही विचारला नसेल. जागा राखली गेली म्हणून प्रश्न पडला तेव्हा मागचा आकडा हाताशी होता.

आता शिष्यांविषयी. पेन यांचा आग्रह असे की विद्यार्थ्यानं आपला प्रश्न आपणच शोधावा. पॉल डेटन यांनी याच किनाऱ्यावर केलेल्या कामाचा १९७१चा निबंध समुद्री परिसंस्थाशास्त्रात आजही वाचला जातो, आणि त्यावर लेखक म्हणून एकच नाव आहे, डेटन यांचं. आपल्याकडे गाईडचं नाव आधी, मग विभागप्रमुखांचं, जागा उरली तर विद्यार्थ्याचं, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं अंतर समजावून सांगायला नको. जेम्स एस्टिस हे तर पेन यांचे विद्यार्थीही नव्हते. १९७१मध्ये अलास्काच्या अम्चित्का बेटावर दोघांची भेट झाली. एस्टिस अभ्यासत होते की समुद्री पाणमांजरं केल्प या उंच शेवाळाच्या आधारानं कशी जगतात. पेन यांनी सुचवलं, उलटं बघ: पाणमांजरांमुळे केल्प जगतं का? पाणमांजर काटेरी अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातात. पाणमांजर गेलं की अर्चिन केल्पचं जंगल फस्त करतात. एस्टिस आणि पाल्मिसानो यांचा १९७४चा ‘सायन्स’मधला निबंध त्या सूचनेतून उभा राहिला. निबंधावर पेन यांचं नाव नाही. जेन लूबचेन्को यांनी पदव्युत्तर शिक्षण याच विद्यापीठात घेतलं आणि डॉक्टरेट हार्वर्डला केली. २००९ ते २०१३ या काळात त्या अमेरिकेच्या समुद्र आणि वातावरण खात्याच्या प्रमुख होत्या. खडकावरच्या गोगलगायी कोणतं शेवाळ आधी खातात हे पाहण्यात ज्यांची तरुणपणाची वर्षं गेली, त्या बाईंच्या टेबलावर २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती येऊन पडली.

हा सगळा प्रभाव मोजायचा कसा? भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५मध्ये एच-इंडेक्स सुचवला: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीसदा संदर्भ दिला गेला आहे, त्याचा इंडेक्स वीस. कल्पना चतुर आहे आणि पूर्णपणे निरुपयोगीही नाही. पेन यांच्या १९६६च्या निबंधाचा संदर्भ हजारो वेळा दिला गेला, हे त्याच्या मोठेपणाचं लक्षण आहेच. पण त्या हजारोंमध्ये काय काय आहे? १९९३मध्ये मिल्स, सूले आणि डोक यांनी दाखवलं की ‘कीस्टोन’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो आहे की त्याला नेमका अर्थ उरलेला नाही. १९९४मध्ये पेन यांचेच शिष्य ब्रूस मेंगे यांनी ओरेगॉनच्या किनाऱ्यावर तपासून सांगितलं, की लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांवर तारामाशाचा दरारा मोठा असतो, आडोशाच्या खडकांवर तो ओसरतो. खुद्द पेन १९९५मध्ये ही संकल्पना आवळायला बसले. संदर्भांची मोजणी करणाऱ्या यंत्राला यातलं काही कळत नाही. शब्द बिघडवणारा आणि शब्द दुरुस्त करणारा, दोघांचेही त्याच्या लेखी एकेक. अम्चित्काचं ते संभाषण तर त्याच्या खात्यात शून्य.

मेंगे यांचा निष्कर्ष मला आपल्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. एकाच महासागराच्या, एकाच किनाऱ्याच्या दोन खडकांवर एकच नियम सारखा चालत नसेल, तर टाटूशचं उत्तर तापीला कसं चालेल? ते चांगदेवजवळ, जिथं पूर्णा तापीला मिळते, तिथं बसूनच शोधावं लागेल. आणि तिथं बसू शकणारा माणूस आपल्याकडे आहे. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, त्याच पट्ट्यात लहानाचा मोठा झालेला, आहिराणी किंवा लेवा बोलीत भोयांशी गप्पा मारू शकणारा, आणि फार तर संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदली होईल एवढीच ज्याची भटकंती. आयआयटीच्या प्राध्यापकाला हेवा वाटावा अशी ही बैठक आहे.

या माणसाला आपण काय करायला लावलं? २०१०च्या नियमावलीनं विद्यापीठ अनुदान आयोगानं एपीआय, म्हणजे अध्यापकांची कामगिरी गुणांत मोजणारा निर्देशांक, आणला. निबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण. मग खानदेशात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक कॉलेजात ‘राष्ट्रीय परिषद’, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, महिन्याभरात आयएसएसएन क्रमांकाचा जाडजूड अंक. काही हजार रुपयांत पेपर छापून देणारी नियतकालिकं पोस्टानं आणि पुढे व्हॉट्सॲपवर दारात आली. मे २०१८मध्ये आयोगानं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग केअर नावाची नवी मान्य यादी आली. २०२५मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर झालं. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२मध्ये उठली. कोणतं नियतकालिक चालेल यावर दहा-पंधरा वर्षं खल झाला. पाच वर्षं एकाच बंधाऱ्यावरची मासळी मोजणाऱ्याला काय द्यायचं, हा मुद्दा त्या खलात कधी आलाच नाही.

कोणी म्हणेल, भुरटे पेपर छापले तर छापले, बिघडलं काय? कोण वाचतं? खोटी नोंद काय करते याचा इतिहासातला ठळक दाखला नेमका आपल्याच मातीतला आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४नंतर कोणाला दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. जुन्या नमुन्यांतले बहुतेक खानदेशातले, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं गोळा केलेले. मात्र कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या बड्या पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक नमुना होता: १९१४, मांडवी, गुजरात. मांडवीही तापीकाठचीच. लोक तिकडे शोधत राहिले. तो नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसन यांचाच होता. नवं लेबल लावलं, झालं. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी माइनर्टझहागेनची नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळ सापडला. एका प्रतिष्ठित माणसाच्या एका खोट्या चिठ्ठीनं कित्येक वर्षं दिशाभूल केली. वजनदार नाव, नामांकित संग्रह, नेमकी तारीख, सगळं होतं त्या चिठ्ठीत. आजच्या निकषांवर तिला पूर्ण गुण मिळाले असते.

हा दाखला माझ्याही अंगावर येतो, हे मान्य. नोंदवह्यांना गुण द्या म्हटलं की घरबसल्या नोंदवह्या भरणारे निघतील. हजेरीपट कसे भरतात हे ज्यानं पाहिलंय तो याची खात्री देईल. म्हणून नोंदीमागे पुरावा हवा: जपून ठेवलेला नमुना, तारखेचा फोटो, आणि कोणालाही त्याच जागी जाऊन पुन्हा मोजता येईल अशी पद्धत. माइनर्टझहागेन पकडला गेला तो नमुना शिल्लक होता म्हणूनच. पेपर नुसताच छापलेला असता तर तपासायला काय उरलं असतं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पेन यांच्यामागे श्रीमंत विद्यापीठ होतं, सरकारी विज्ञान निधी होता. आपल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. वर प्रवेश, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, निवडणुकीचं काम. जागा रिकाम्या, अर्धा विभाग तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वावरच्या पोराला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू की नाही हे माहीत नसतं. त्याला चाळीस वर्षांच्या गोष्टी सांगणं क्रूरपणाचं आहे. भरती झाल्याशिवाय यातलं फारसं काही होणार नाही, आणि ती न होण्याचा दोष मास्तरांचा नाही. तरीही जे कायम आहेत त्यांचा जो वेळ आज परिषदांच्या अंकांत जातो, तो तरी नदीकडे वळवता येईल.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी घेत नाही, पण घ्यायला हवी. नुसतं मोजत बसणं म्हणजे विज्ञान नाही. पेन यांच्याकडे पहारीआधी प्रश्न होता. आपल्याकडे प्रश्नांचा तुटवडा नाही. तापीवरच्या हतनूर धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की बातमी होते, धरणात साठलेल्या गाळाची तेवढी होत नाही. रोहू, कटला, मृगल यांचं बीज सोडलं जातं. चिलापी (तिलापिया) कोणी न विचारता आली. आधी इथं काय होतं? धरणांच्या पाण्यात कोणता मासा कोणाला हटवतो आहे? तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि वाटेत १९७२चं उकाई धरण तिचा गाळ अडवतं, ज्याचं फुगवट्याचं पाणी नवापूरकडे पसरलं आहे. खंबातच्या आखातात काम करणाऱ्याला नदीचं मुख दिसतं, वरचा हिशेब तो कोणाकडे मागणार? समुद्राच्या अभ्यासाला खानदेशातून काही देता येईल, तर ते हेच.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५मध्ये एक पानाचं टिपण लिहिलं. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढे मासे पाहते तेवढेच मूळचे असं धरून चालते, त्यामुळे ऱ्हास होतो तो कोणाच्या ध्यानातच येत नाही, एवढंच त्यात होतं. तापीकाठच्या म्हाताऱ्या भोयाला विचारा, तो हात पसरून माशाची लांबी दाखवेल, नातू हसेल. दोघांपैकी बरोबर कोण, हे सांगणारी वही आपल्याकडे नाही. १८८०चं खानदेश गॅझेटियर उघडावं तर पुढची शंभर वर्षं कोरी. आणि ही कोरी पानं आपल्या स्वभावात आहेत असंही म्हणवत नाही. पांझरा नदीवरची फड ही सामूहिक सिंचनाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली ती कोणत्या फडाला यंदा कोणतं पीक, पाणी केव्हा आणि किती, हे वर्षाला वर्ष जोडून लक्षात ठेवणाऱ्या पाटकऱ्यांच्या भरवशावर. देशातही दाखला आहे: मुदुमलाईच्या जंगलात पन्नास हेक्टरांचा तुकडा १९८८पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था झाडन्‌झाड मोजते आहे.

पदोन्नतीचे नियम दिल्लीत ठरतात आणि तिथं आपलं किती ऐकतील याविषयी मला भ्रम नाही. संशोधनाच्या गुणांत दीर्घकाळ ठेवलेल्या, तपासता येणाऱ्या नोंदींना निबंधाइतकंच स्थान द्या, ही मागणी जळगावच्या विद्यापीठानं ठरावानं करावी. न करण्याचं कारण मला दिसत नाही. पण त्याआधी एक गोष्ट इथल्या इथं होऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांना फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक आहेत. आज काय होतं? दरवर्षी नवा विषय, निम्मा मजकूर मागच्या बॅचचा, सोनेरी अक्षरांची बांधणी, तोंडी परीक्षा, आणि तीन-चार वर्षांनी कपाट रिकामं करताना सगळं रद्दीत. त्याऐवजी हतनूरकाठच्या कॉलेजानं हतनूर घ्यावं, शहाद्यानं गोमाई, शिंदखेड्यानं मुडावदचा पांझरा-तापी संगम. नोंदी कॉलेजच्या नावावर राहाव्यात, मास्तर निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी जाऊ नयेत. मासे ओळखून देणाऱ्या भोयाचं नाव त्या अहवालावर मुलांच्या बरोबरीनं असावं. जूनमध्ये नव्या तुकडीला विषय वाटताना विभागप्रमुखांनी मागच्या तुकडीनं जिथं जाळं टाकलं तीच जागा, तेच जाळं आणि तोच आठवडा नेमून द्यावा. याला आयोगाचं परिपत्रक लागत नाही. धरणाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला मात्र आधी जाऊन विचारावं लागेल.